बोटांचे पैसे आणि मुलांची पोटगी

सांगलीजवळच्या कुपवाडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. चार वर्षांपूर्वी त्या मुलगी आणि मुलगा यांना घेऊन माहेरी आल्या. २०२२ मध्ये न्यायालयाने दोन्ही मुलांसाठी प्रत्येकी ४,५०० याप्रमाणे दरमहा ९,००० रुपये पोटगी ठरवून दिली. पती औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करीत होते आणि त्यांचा पगार १८,००० रुपये होता. गेल्या वर्षी प्रेसमध्ये सापडून त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. मेडिकल बोर्डाने ५० टक्के अपंगत्व ठरवले असून आता कामगार विम्याकडून दरमहा सुमारे ८,१०० रुपये त्यांच्या खात्यात जमा होतात. त्याच कारखान्याने त्यांना टाइम ऑफिसात १२,५०० रुपयांवर परत घेतले आहे. आठ महिन्यांपासून मात्र पोटगी बंद आहे. “हे माझ्या बोटांचे पैसे आहेत, त्यांना कुठलेही कोर्ट हात लावू शकत नाही,” असे पती सांगतात आणि पोटगी रद्द व्हावी म्हणून त्यांनी अर्जही दिला आहे. भगिनी मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. त्यांना ११,००० रुपये मिळतात. विम्याचे पैसे पोटगीच्या हिशेबात धरले जातात का, ते विमा कार्यालयातून परस्पर कापून घेता येतील का आणि एवढे झाल्यावर त्या माणसाकडे पैसे मागणे बरे दिसेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पती म्हणतात त्यात निम्मे खरे आहे, आणि निम्मे खरे असल्यामुळेच ते ऐकणाऱ्याला पटते. पोटगीच्या कामात दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. पित्याची ऐपत किती, हे ठरवताना कोणकोणते पैसे मोजायचे, हा पहिला प्रश्न. आणि ठरलेली रक्कम थकली तर ती कोठून वसूल करायची, हा दुसरा. कामगार विम्याच्या रोख लाभावर कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने जप्ती आणता येणार नाही, असे संरक्षण १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने त्या पैशाला दिले, परंतु ते संरक्षण वसुलीपुरते आहे. पित्याची ऐपत ठरवताना त्या पैशाकडे डोळेझाक करावी, असे त्यातून निघत नाही. मुलांच्या पोटगीचे कलम, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील १४४, पित्याजवळ ‘पुरेसे साधन’ आहे की नाही एवढेच विचारते; त्या साधनातून अपंगत्वाचा लाभ वगळावा, असे ते कोठेही म्हणत नाही.

मग हे पैसे बोटांचे आहेत की नाहीत? येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला म्हणजे किती टक्के, याचा तक्ता आहे: एक अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चार बोटे गेल्यास ५०, हाताचा संपूर्ण पंजा गेल्यास ६०. हे टक्के वेदनेचे किंवा अवयवाच्या किमतीचे नसून माणसाची कमावण्याची क्षमता किती घटली याचे आहेत. लाभाचा हिशेबही पगारावरूनच होतो. संपूर्ण अपंगत्व असते तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळाली असती. महिन्याला १८,००० म्हणजे दिवसाला साधारण ६००, त्याचे ९० टक्के ५४०, आणि अपंगत्व अर्धे म्हणून त्याचे निम्मे २७०. महिन्याचे झाले ८,१००. आपण कळवलेला आकडा याच्याशी जुळतो. म्हणजे अपघात झाला नसता तर जो पगार हाती आला असता, त्याच्या गेलेल्या भागाच्या जागी हा पैसा येतो, आणि त्या पगारात मुलांचा वाटा होताच. पगारात असलेला वाटा पगाराच्या जागी आलेल्या पैशात नाहीसा का व्हावा, याचे उत्तर पतींच्या अर्जात असले पाहिजे. आपण पाठवलेल्या प्रतीत मला ते आढळले नाही.

अपंगत्वाच्या नावाने येणारा प्रत्येक रुपया मात्र सारख्याच रीतीने मोजावा, असे मी म्हणणार नाही. पगाराच्या जागी आलेला पैसा उत्पन्नात जातो. औषधपाणी, मदतनीस किंवा कृत्रिम अवयव यांसाठी मिळालेली रक्कम त्या खर्चातच संपते, तेव्हा ती उत्पन्न म्हणून पुढे करणे अन्यायाचे होईल. पती संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही नाव घालणार असल्याचे आपण लिहिले आहे. ती योजना ज्याला दुसरा आधार नाही त्याच्या पोटापुरती आहे, तिला उत्पन्नाच्या मर्यादेची अट आहे, आणि पगार व विमा दोन्ही मिळणाऱ्या माणसाला ती मिळेल असे वाटत नाही. मिळाली तरी त्या रकमेवर आपण बोट ठेवू नये, कारण थोड्या पैशांसाठी आपली बाजू हलकी दिसेल.

आपल्या दिरांनी पाठवलेल्या मजकुराविषयी दोन शब्द. त्यात ‘अपंगत्वाची रक्कम चाइल्ड सपोर्टमध्ये’, म्हणजे मुलांच्या पोटगीत, ‘धरत नाहीत’ असे म्हटले आहे, ते अमेरिकेतील एका योजनेविषयी आहे. तेथे अपंगत्वाच्या दोन निराळ्या योजना आहेत. पूर्वी केलेल्या नोकरीच्या वर्गणीवर जी मिळते ती उत्पन्न म्हणून मोजली जाते आणि पोटगीसाठी तिच्यातून कपातही होते. केवळ गरजू म्हणून जी मिळते ती सहसा मोजत नाहीत आणि तिच्यातून कपातही होत नाही. शिवाय पहिल्या योजनेत पिता हयात असतानाच मुलांच्या नावे वेगळी रक्कम निघते आणि बहुतेक राज्यांत ती पित्याच्या पोटगीत जमा धरली जाते. आपल्याकडे तशी सोय नाही. कामगार विम्यात मुलांना स्वतंत्र मासिक लाभ मिळतो तो विमेदाराचा कामावरील अपघाताने किंवा कामामुळे जडलेल्या आजाराने मृत्यू झाला तरच. तो हयात असेपर्यंत अपंगत्वाचा सगळा लाभ त्याच्याच हाती येतो. म्हणूनच त्या पैशातील मुलांचा वाटा पोटगीच्या हुकमातून पोहोचवणे हाच आपल्याकडचा मार्ग आहे. दिरांचा मजकूर वाचून आपल्या वकिलांनीही क्षणभर विचार केला असे आपण लिहिता, त्याचे मला आश्चर्य वाटले.

आता हिशेबाकडे येऊ, कारण न्यायाधीशांसमोर शेवटी आकडेच बोलतील. आपल्याकडे मुलांच्या पोटगीचा सरकारी तक्ता नाही. ‘पगाराच्या २५ टक्के’ हे जे सर्रास ऐकू येते ते सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका पत्नीच्या पोटगीबाबत म्हटले होते. मुलांना ते जसेच्या तसे लावता येत नाही. मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे की आई आणि वडील दोघेही कमावत असतील तर मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा. पतींचा पगार १२,५०० आणि लाभ ८,१०० मिळून २०,६०० होतात, आपले ११,०००. एकूण ३१,६०० पैकी त्यांचा भाग सुमारे ६५ टक्के आहे. मुलीची नववी, शिकवणी, मुलाची शाळा, मुलाची औषधे, दोघांचे खाणेपिणे, कपडे, भाड्यातील त्यांचा वाटा असा मुलांचा महिन्याचा खर्च आपण १४,००० लिहिला आहे. त्याच्या ६५ टक्के म्हणजे ९,१०० च्या आसपास. हाताच्या उपचारासाठी त्यांना खरोखरच दरमहा १,५०० रुपये लागतात असे मानून ते वजा केले तरी आकडा ८,९०० च्या जवळच राहतो. २०२२ चा हुकूम अपघातानंतरही जवळजवळ जसाच्या तसा बसतो, हे या गणिताने दिसते, आणि अर्जाला द्यायच्या उत्तरात पहिल्या पानावर हेच गणित असावे असे मला वाटते.

तरीही ९,००० चा आकडा शेवटच्या रुपयापर्यंत टिकेलच, असा भरवसा मी देणार नाही. परिस्थिती बदलली तर पोटगी कमी किंवा जास्त करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे (पूर्वीचे कलम १२७, आताचे १४६), आणि उजव्या हाताची चार बोटे जाणे हा बदल नाही असे कोण म्हणेल? प्रेसवरच्या कामगाराचा पगार कौशल्याबरोबर वाढत गेला असता, ओव्हरटाइम मिळाला असता. लाभाची मोजणी मात्र अपघाताच्या वेळच्या पगारावर झाली आहे. टाइम ऑफिसातील नोकरी मालकाच्या मर्जीवर आहे, आणि ती सुटली तर अशा हाताने दुसरी मिळणे कठीण आहे. ‘धडधाकट पुरुषाने कमावून बायकामुलांना पोसलेच पाहिजे’ असे न्यायालये नेहमी म्हणतात, पण ते गृहीतक येथे पूर्ण ताकदीने लावता येणार नाही. येथे प्रत्यक्ष उत्पन्न दाखवावे लागेल. हे सगळे पतींचे वकील मांडतील आणि त्यांनी मांडावेच. त्यातून रक्कम थोडी खाली आली तर तो अन्याय समजू नये. ती शून्यावर यावी, असे मात्र मला यात काही दिसत नाही.

‘अपघातानंतर कित्येक महिने हातात दमडी नव्हती’ असे अर्जात म्हटले आहे, ते आपण तपासून घ्या. उपचार चालू असताना आणि कामावर जाता येत नसताना कामगार विमा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ देतो, आणि तोही वेतनाच्या ९० टक्के दराने. १८,००० वर तो महिन्याला साधारण १६,२०० होतो. ही रक्कम थेट बँक खात्यात जमा होते, त्यामुळे पासबुक लपवल्याशिवाय ती लपत नाही. कृत्रिम हातासाठी लाख रुपये लागणार असल्याचाही उल्लेख आहे. विमेदार कामगाराला कृत्रिम अवयव विमा योजनेतूनच मिळतो, तेव्हा तो खर्च कसला आहे हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. नम्रपणे हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या पत्रात एके ठिकाणी ‘ते हाताचे नाटक करतात’ असे आले आहे. ते वाक्य न्यायालयात आपल्या तोंडून एकदाही निघू देऊ नका. मेडिकल बोर्डाने प्रमाणित केलेल्या जखमेवर शंका घेतली की आपल्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही शंका घेतली जाते.

पतींचे उत्पन्न सिद्ध करण्यासाठी विमा कार्यालयात हेलपाटे घालू नका आणि माहितीच्या अधिकाराचा अर्जही करू नका. खासगी माहिती म्हणून तो बहुधा नाकारतील. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि त्याचा नमुनाही घालून दिला. त्या नमुन्यात बँकेचे उतारे आहेत, तसाच अपंगत्व आणि त्यावरील वैद्यकीय खर्च यांसाठी वेगळा रकाना आहे. पतींना आपले अपंगत्व तेथे मांडता येते आणि त्याच कागदावर मिळणारा लाभही लिहावा लागतो. त्यांच्या अर्जासोबत असे प्रतिज्ञापत्र नसेल तर ते मागवावे, अशी विनंती पहिल्याच तारखेला करा, आणि लाभाचा आकडा लपवला असेल तर विमा कार्यालयाकडून अभिलेख मागवण्याची विनंतीही करता येते. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. मार्केट यार्डातील ११,००० तर लिहालच. हळदीच्या हंगामात जादा कामाचे जे पैसे मिळतात तेही लिहा. खोट्या प्रतिज्ञापत्रावर खटला होऊ शकतो, आणि पतींच्या वकिलांना मार्केट यार्डाचा रस्ता ठाऊक नसेल असे समजू नका.

थकबाकीचा मुद्दा मात्र तातडीचा आहे. आठ महिन्यांचे ७२,००० रुपये झाले. पोटगी कमी करण्याचा अर्ज दिला म्हणून आधीचा हुकूम थांबत नाही. न्यायालय तो बदलेपर्यंत प्रत्येक महिन्याचे देणे उभे राहत जाते. परंतु पोटगीच्या कलमाखाली (१२५, आताचे १४४) वसुलीचे वॉरंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि समजुतीची वाट पाहत वर्ष उलटले तर सर्वांत जुना महिना या मार्गाच्या हाताबाहेर जातो. आपल्या हाती चार महिने आहेत. तेव्हा बोलणी चालू ठेवूनही वसुलीचा अर्ज याच महिन्यात दाखल करा. न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या भावांना तेच हवे आहे असे पत्रावरून दिसते. माझा सल्ला उलट आहे. तुरुंगात गेलेल्या माणसाची टाइम ऑफिसातील खुर्ची रिकामी राहत नाही, आणि ती गेली तर मुलांच्या पोटगीचा सर्वांत भरवशाचा झरा आटेल.

वसुली कोठून, हा आपला दुसरा प्रश्न होता. विमा कार्यालयाला पत्र देऊन ८,१०० मधून कपात करवून घेता येणार नाही. तेवढ्यापुरते पती बरोबर आहेत. पगाराचे तसे नाही. रजनेश प्रकरणात न्यायालयाने पोटगीचा हुकूम दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखाही वसूल करता येईल असे म्हटले, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पोटगीसाठी पगारातील एक तृतीयांश सोडून बाकीचा भाग जप्तीस पात्र असतो. १२,५०० वर ही मर्यादा सुमारे ८,३०० होते. मजुराच्या मजुरीला त्याच संहितेत वेगळे संरक्षण असल्याने टाइम ऑफिसातील माणूस मजूर की कर्मचारी, असा वाद उभा केला जाऊ शकतो, एवढे ध्यानात असू द्या. या मर्यादेपर्यंत ताणावे असेही मला वाटत नाही. पगारातून दरमहा ६,००० कारखान्याने परस्पर न्यायालयात भरावेत आणि उरलेले ३,००० पतींनी स्वतः द्यावेत, अशी मांडणी केली तर त्यांच्या हातात रोजचा खर्च राहतो आणि विम्याच्या पैशाला कोणी हात लावला असेही होत नाही. थकलेल्या ७२,००० साठी हप्ते मान्य करा.

या निमित्ताने सातारा भागातील वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो, कारण अपशिंगे मिलिटरीसारखी गावे असलेल्या त्या जिल्ह्यातून हाच प्रश्न फौजेच्या पेन्शनबाबत येत असतो. लष्करी अपंगत्व पेन्शनमध्ये सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन घटक असतात. पोटगी ठरवताना माजी सैनिकाच्या एकूण साधनांचा विचार होतो, तेथे ‘पेन्शन आहे, पगार नाही’ हे उत्तर चालत नाही. जप्तीबाबत १८७१ च्या पेन्शन कायद्याचे संरक्षण पुढे केले जाते, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये पत्नीच्या पोटगीसाठी ते संरक्षण आड येत नाही असे ठरवले आहे. पत्नी म्हणजे कोणी सावकार नव्हे, हा त्यामागचा विचार. कामगार विम्याच्या लाभाला हा निकाल आपोआप लागू होत नाही, म्हणून आपल्या अर्जात त्याच्यावर विसंबू नका.

वकिलांच्या फीची चिंता आपण लिहिली आहे. विजयनगर येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलात तर महिला म्हणून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. अपंग व्यक्ती म्हणून पतींनाही तोच हक्क आहे, हे त्यांना कळवले तर बिघडणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न, बरे दिसेल का. मागणी मुलांची आहे आणि आपण ती त्यांच्या वतीने करता आहात, तेव्हा संकोच करू नये. त्यांच्या दुखण्याची कदर करायची असेल तर ती तडजोडीच्या अटींत करता येते. थकबाकीवर व्याज मागू नका, हप्ते लहान ठेवा, आणि मुलांना रविवारी वडिलांकडे पाठवण्यात खंड पाडू नका. त्या बदल्यात एक अट जरूर घाला: कामगार विम्यात विमेदारावर अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलांनाही वैद्यकीय उपचार मिळतात, म्हणून दोन्ही मुलांची नावे पतींच्या विमा कार्डावर कायम राहतील आणि त्या कार्डाची प्रत आपल्याजवळ असेल, हे तडजोडीच्या कागदावर लिहून घ्या. मुलाच्या दम्याच्या औषधांचा जो खर्च आपण १४,००० मध्ये धरला आहे, त्यातला बराचसा तेथेच वाचेल.